राखेचे पाणी, ताकाचे पाणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी चहाची पूड मोजण्याचे माप म्हणजे कीटकनाशकाच्या बाटलीचे झाकण होते. पांढरे, बोटांच्या पकडीसाठी कडेला खाचा असलेले, आतल्या अंगाला मिलिलिटरच्या रेघा उठवलेले. ते मला प्रथम दिसले तेव्हा अर्धा कप चहा माझ्या पोटात गेलेला होता. उरलेला मी अंगणात ओतला. बहीण म्हणाली, "काऊन, साखर कमी झाली का?" मी झाकण तिच्यापुढे धरले. तिने ते माझ्या हातून काढून घेतले, पदराने पुसले आणि चहाच्या डब्यात परत टाकून दिले. "माप बरोबर येते त्याचं," ती म्हणाली. "रेघा हायत."

मी तिला 'बाई' म्हणतो. धामणगाव बढ्याच्या पलीकडे एका लहान गावात तिचे घर आणि कोरडवाहू जमीन. मी मोताळ्याचा. तहसिलीच्या आवारात टेबल टाकून दुसऱ्यांचे अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले. सातबाऱ्यावरील चुकीच्या नोंदी, वाटणीचे वाद, बंद पडलेल्या पेन्शनी. या व्यवसायाने मला एकच सवय जडवली, ती म्हणजे एखादी वस्तू हाती घेण्यापूर्वी तिच्यावर छापलेले वाचणे. औषधाची गोळी असो, बियाण्याचे पाकीट असो की आगपेटी. माझ्या घरातली माणसे या सवयीला कंटाळलेली आहेत. तथापि ज्या समाजात कोणीच काही वाचत नाही, त्यात निदान एकाने वाचले पाहिजे, असे माझे मत होते आणि आहे.

बीटी कापूस आला तेव्हा सांगणारे सांगत होते की आता फवारणी संपली. काही वर्षे बोंडअळी खरोखर कमी झाली, हे मी नाकारत नाही. परंतु अळीच्या जागी मावा आला, तुडतुडे आले, पाने लाल पडू लागली, आणि पुढे गुलाबी बोंडअळी अशी परतली की बोंड फोडले की आत तीच. फवारणी संपली नाही. उलट गावात रिकाम्या बाटल्यांचा आणि कॅनचा इतका सुकाळ झाला, की पूर्वी मातीची आणि पितळेची भांडी जिथे जिथे होती तिथे तिथे हे प्लास्टिक जाऊन बसले. परसाकडे नेण्यास अर्धी कापलेली कॅन. कोंबड्यांच्या पाण्यास आडवी कापलेली कॅन. वावरात प्यायचे पाणी नेण्यास सुतळीने ओले पोते गुंडाळलेली कॅन, कारण पाणी गार राहते. गोडेतेलाला कॅन. आणि दह्या-ताकाला तर खास मोठ्या तोंडाची कॅन, कारण तीत हात घालून लोणी काढता येते. हे सर्व मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. ऐकीव गोष्ट मी लिहीत नाही.

कॅन शुद्ध करण्याची पद्धत गावात ठरलेली होती आणि त्या पद्धतीची जाणकार म्हणून माझ्या बहिणीचे नाव होते. आधी राखेचे पाणी, मग आंबट ताकाचे पाणी, मग ऊन. राखेने वास जातो, ताकाने जहर उतरते, उन्हाने उरलेसुरले मरते. बायका आपापल्या कॅन घेऊन तिच्याकडे येत, आणि ती झाकण काढून, डोळे मिटून, आत नाक घालून निर्णय देई, "अजून एक पानी लागन," किंवा "झाली, ने." ताकावर तर या लोकांची अशी श्रद्धा की साप चावला तरी ताक, पोट बिघडले तरी ताक, फवारणी करून माणूस चक्कर येऊन बांधावर बसला तरी ताक. फवारणीपूर्वी गुळाचा खडा खायचा, हातापायांना खोबरेल चोळायचे, परत आल्यावर ताक प्यायचे. तोंडाला फडके मात्र बांधायचे नाही, कारण त्यात दम लागतो. औषध बादलीत मिसळायचे ते हाताने, कारण काडीने गुठळी राहते. या प्रत्येक नियमामागे पुरावा म्हणून एकच वाक्य उभे असे, "मले त काही नाई झालं."

या वाक्याची मला जेवढी शिसारी आहे तेवढी त्या कॅनच्या वासाचीही नाही. न्यायासनापुढे असे कोणी म्हणेल का, की मी रस्त्याच्या मधून चाललो, मोटारीखाली आलो नाही, सबब रस्त्याच्या मधून चालणे निर्धोक आहे? परंतु गावात हा पुरावा चालतो. ज्याला काही झाले, तो सांगायला बसत नाही. तो अंथरुणावर असतो किंवा नसतो, आणि त्याच्याविषयी म्हटले जाते की त्याचे अंगच नाजूक होते.

नियम स्पष्ट आहेत. रिकामे झालेले डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. लेबलवर तशी सूचना असते, आणि खाली चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, आणि मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. अक्षर मात्र इतके बारीक छापतात की ते शेतकऱ्याने वाचावे असा छापणाऱ्याचा हेतू दिसत नाही. मी या विषयावर अर्ज केले. विकणाऱ्याने रिकामी कॅन परत घ्यावी, लेबलचे अक्षर वाचता येईल इतके मोठे असावे, ग्रामसभेत विषय घ्यावा. उत्तर आले की आपला अर्ज संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे. संबंधितांचे उत्तर आले की सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. मी दोन्ही उत्तरे एकत्र जोडून तिसरा अर्ज केला. त्याला उत्तरच आले नाही.

अशात भाचीचे लग्न ठरले. बाईची ती एकुलती मुलगी. मोठ्या खटपटीने जमलेली सोयरीक होती. मुलाकडचे लोक खामगावकडचे, जरा वरचढ, बोलायला तिखट. पाहायला आले त्या दिवशीच त्यांच्यातल्या एका म्हातारीने घरातल्या चुलीपासून न्हाणीपर्यंत नजर फिरवली होती. बाईचा जीव त्या दिवसापासून टांगणीला होता. कुठे काही कमी पडू नये, कुठे शब्द लागू नये.

मी मामा. मुलीला मंडपात आणायचे, तिच्या पाठीशी उभे राहायचे, हे माझे काम. मी आधीच मोताळ्याहून मुद्दाम गेलो आणि बाईला म्हणालो, "मी सगळं करीन. फक्त पंगतीचं काहीही त्या कॅनमधून येता कामा नये."

ती शेव्या वाळत घालत होती. मान न उचलता म्हणाली, "बरं."

"नुसतं बरं नको. कबूल कर."

"कबूल हाय, वकीलसायेब. माह्या घरची एकबी कॅन पंगतीत नाई दिसनार. मंदिराची भांडी आनून राह्यलो आमी. आता बस, जेव."

मी वकील नाही हे तिला माहीत आहे. तरी राग आला की ती मला वकीलसाहेब म्हणते.

लग्न उन्हाळ्यात, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्यावर. अक्षता पडल्या. मी फेटा बांधलेला, घामाने निथळत होतो. वऱ्हाड्यांची पहिली पंगत बसली. पोळी, वांग्याची भाजी, वरण, बुंदी अशी वाढ सुरू झाली, तसा मी मागच्या टिनाच्या शेडकडे गेलो, सर्व ठीक चालले आहे ना ते पाहायला. आत शिरण्यापूर्वीच मला तो वास आला. सडलेल्या लसणासारखा, जिभेच्या मुळाशी चिकटणारा. वरण उकळत होते, कढईत तेल तापलेले होते, जिऱ्याची फोडणी पडलेली होती, आणि त्या सगळ्या वासांच्या खालून हा एक वास सरपटत येत होता.

शेडच्या भिंतीशी रिकाम्या कॅन ओळीने ठेवल्या होत्या. पांढऱ्या, पिवळ्या पडलेल्या, काहींच्या मानेला ओळखीसाठी रंगीत चिंधी बांधलेली. समोर विटांवर मंदिराचा मोठा पितळी गंज, काठोकाठ ताकाने भरलेला, वर कोथिंबीर तरंगते आहे. आमच्याकडे लग्नघरी दूध-दही विकत आणत नाहीत. गाव देते. ज्याच्या घरी दुभते आहे तो सकाळी आपल्या घरचे ताक आणून देतो, आणि ते नाकारणे म्हणजे त्या घराशी संबंध तोडणे. गावाने दिले होते. गावाजवळ भांडी होती ती ही होती.

"बाई, हे काय आहे?"

"ताक हाय."

"आपलं काय ठरलं होतं?"

"माह्या घरची एकबी कॅन नाई त्याच्यात. पाहून घे. मी माहा शबुद पाळला."

"शब्द तुझ्या घरच्या कॅनविषयी नव्हता. विषाविषयी होता."

आचारी पळीने गंज ढवळत होता. तो मध्येच म्हणाला, "मामा, मीठ-जिरं पडलं त्याच्यात. आता कोनाचं कोनतं, काय निवडता?"

ओळीतली एक कॅन मी उचलली. तिच्यावरचे लेबल अर्धे खरवडलेले होते. चौकोनाचा खालचा भाग शाबूत होता, आणि तो लाल होता. आतल्या बाजूला ताकाचा पांढरा थर सुकत चालला होता. मी ती बाईच्या नाकापुढे धरली. तिने सवयीने, अगदी परीक्षकासारखे, वास घेतला.

"राखेचं पानी कमी पडलं इले," ती म्हणाली. "पन ताक हाय ना आतमंदी. ताकानं उतरते."

मी म्हणालो, "मी माइकवर जाऊन सांगतो. मठ्ठा कोणी घेऊ नये."

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "सांग. माइक तिथंच हाय. लगन लागलं, पोरगी त्याईची झाली, आता सांग. मंग तिच्या सासूले बी सांगून जाय, का इच्या मायबापानं तुमाले पहिल्याच दिवशी जहर वाढलं. तिनं भाजीत मीठ जास्त टाकलं का ते हेच काढतीन. लेकरू पडलं आजारी, का हेच काढतीन. तू मोताळ्याले जाशीन अर्ज लिवाले. तिले तिथंच राहाव लागन."

तिचे म्हणणे चूक नव्हते. लेबलवर छापलेले जितके खरे होते, तितकेच तिचेही खरे होते.

तिने ओगराळे गंजात बुडवले, पेला भरला, आणि माझ्याकडे पाहत एका दमात पिऊन टाकला. ओठांवरचा पांढरा मिशीसारखा थर मनगटाने पुसला. "मेली का मी?"

साठीला आलेली, आयुष्यभर उन्हात राबलेली, आमची आई गेल्यावर मला जिने अंगाखांद्यावर वाढवले ती बाई, माझ्या शंकेचा निकाल लावण्यासाठी माझ्यासमोर ते प्याली होती. माझ्या तोंडात त्या वेळी जे कडू पाणी सुटले, ते आजही हे लिहिताना सुटते.

तेवढ्यात वाढपी बादली घेऊन आला. "मठ्ठा भरा लवकर. लेकरं मांगून राह्यले."

मी शेडच्या फटीतून पंगतीकडे पाहिले. मुलाकडची लहान लहान पोरे मांडी घालून बसली होती, आणि त्यांच्यापुढे रिकामे पेले मांडले होते. एक पोर पेला पत्रावळीवर आपटून वाजवत होते. आचाऱ्याने पळी उचलली. मी गंजाच्या काठाला दोन्ही हात लावले आणि सगळा जोर काढून तो विटांवरून ढकलला.

पितळेचा आवाज मंडपात गेला. ताक चुलीच्या राखेत, लाकडांत, चपलांच्या ढिगात पसरले. माझे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले. आचारी तोंड उघडे ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. कोणी काही बोलण्याच्या आत मुलाचे काका धावत आले.

"काय झालं?"

"माझा पाय विटेला लागला," मी म्हणालो. "तोल गेला. मठ्ठा सगळा सांडला. चूक माझी आहे."

आयुष्यात मी कोणाच्या अर्जात खोटी ओळ घातली नाही. खोटे लिहून द्या म्हणणाऱ्याला टेबलावरून उठवले आहे. ते खोटे मात्र मी डोळ्याला डोळा देऊन बोललो, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

काकांनी माझ्या धोतराकडे पाहिले आणि ते हसायला लागले. पंगतीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "मामानं मठ्ठ्यानं सारवून देलं हो अंगन. आता पान्यावरच भागवा. आन मामाले कोनी खुर्ची द्या बे, नाईतर वरनाचा गंज बी पाडन." सगळी पंगत हसली. वेंधळा मामा हा त्या लग्नाचा विनोद झाला, आणि दिवसभर तोच चालला. मुलीच्या घराविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

निघताना भाची माझ्या पाया पडली. रडून डोळे लाल झाले होते, तरी हळूच म्हणाली, "मामा, तुमाले लागलं त नाई ना?" मी नाही म्हणालो. तिला बाकी काहीच ठाऊक नव्हते, आणि तसेच राहावे असे ठरवून मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाड्या गेल्या. मंडप रिकामा झाला. बाई परसात बसून गावाच्या कॅन धुवत होती. मी तिथे गेलो. ती मला टाळत नव्हती, पण माझ्याकडे पाहतही नव्हती. प्रत्येक कॅनमध्ये मूठभर राख आणि पाणी घालून, तोंडावर तळवा दाबून, ती खळखळा हलवत होती. मी विचारले, तब्येत कशी आहे. म्हणाली, "काय होते मले." मग पुढची कॅन ओढून म्हणाली, "ताकाचं पानी देता नाई आलं. घरात थेंब नाई उरला. तुह्यामुळं या कॅना ताकाइना चालल्या."

मला वाटले, आता मी बोलू नये. पण ती उठली, आणि बुंदीची परात घेऊन आली. वर्तमानपत्राच्या कागदाची नळी करून ती एकेका कॅनच्या तोंडात खोचू लागली आणि मूठ मूठ बुंदी आत सोडू लागली. ओल्या प्लास्टिकवर बुंदीचे दाणे चिकटत होते.

"बाई, हे तू काय करतेस?"

"गावाचं भांडं हाय. रिकामं कसं देऊ?"

"हे लोक खातील ते."

"खातीन. लेकरं कॅन उलटी करून झटकतीन आन खातीन. मंग काय करू? तू गावाचं ताक सांडलं, ते मी गिळलं. कोनाले बोलली नाई. आता भांडी बी रिकामी पाठवू?"

मी तिला सांगितले की बुंदी कागदात बांधून दे, कॅन वेगळी दे. ती म्हणाली, कागदात भिकाऱ्याला देतात. मी तिला सांगितले की प्लास्टिक जहर पिऊन घेते, धुण्याने ते जात नाही. तिने ऐकून घेतले, जसे ती देवळातल्या कीर्तनकाराचे ऐकते, हात न थांबवता.

लाल त्रिकोणाची ती मोठ्या तोंडाची कॅन शेवटी होती. ती मी तिच्या हातातून घेतली. तिने सोडली, बहुधा मी फार थकलेला दिसत असेन म्हणून. कोपऱ्यात विळा होता. त्याच्या टोकाने मी कॅनच्या बुडाला भोक पाडले, मग दुसरे, मग पोट आडवे चिरले. प्लास्टिक जाड होते, विळा घसरत होता. मी ती घरामागच्या उकिरड्यापलीकडे, वस्तीपासून दूर पडीत जागेत नेली आणि कुदळीने खड्डा करून पुरली. नियमात लिहिले आहे तसे.

परत आलो तर दारात शेजारीण उभी. आपली मोठ्या तोंडाची कॅन मागत होती. बहिणीने माझ्याकडे बोट दाखवले नाही, मीच सांगितले, "तुमची कॅन फुटली. माझ्या हातून."

"हाव का," ती म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटले. "लय चांगली व्हती, मामा. मोठ्या तोंडाची. लोनी काढाले हात जाये."

"तिच्यावर लाल खूण होती. ती विषाची होती."

"जुनी व्हती ना पन. कितीक वर्सं झाले वापरून राह्यलो आमी. सून त तिच्यातच दही लावते."

बाई आत गेली. माजघरातून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची स्वतःची कॅन होती. मोठ्या तोंडाची, घासून घासून दुधासारखी झालेली, लेबलचा मागमूसही न उरलेली. तिने ती परातीतल्या उरल्यासुरल्या बुंदीने अर्धी भरली, झाकण घट्ट बसवले, पदराने बाहेरून पुसली आणि शेजारणीच्या हातात दिली.

शेजारणीने झाकण काढून वास घेतला. "इले त काहीच वास नाई," ती खूश होऊन म्हणाली, आणि कॅन कमरेवर घेऊन घराकडे निघाली.